ढगांखालचं इंजिन

मोटारसायकलचं इंजिन घरात येणार आहे हे तिला कळलं, तेव्हा ते घरात येऊन बसलेलं होतं. तेही मागच्या खोलीत. ठकी थोडी मोठी झाली की तिला ही खोली द्यायची म्हणून तिनं स्वतः स्टुलावर चढून भिंतीवर ढग रंगवले होते. त्या ढगांच्या बरोबर खाली, जुन्या चादरीवर, हा काळा ऐवज ठिय्या देऊन बसला होता आणि चादरीला हळूहळू तेल पाजत होता. शेजारी नवरा उकिडवा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव तिनं यापूर्वी एकदाच पाहिला होता, ठकी झाली तेव्हा.

"बघ," तो म्हणाला, "कुणी म्हणेल का भंगारातलं आहे?"

कुणीही म्हटलं असतं. पण तिनं फक्त विचारलं, "आणि हे इथे का?"

"अगं, बाहेर धूळ असते. इंजिनाला धूळ चालत नाही."

मुलीला चालते का, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. पण तेवढ्यात सासरे आत आले, इंजिनापाशी वाकले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे आधारासाठीच ठेवला, त्यांना वाकताना आधार लागतो, पण ठेवला. म्हणून ती चहा टाकायला गेली.

गाडी सासऱ्यांची. त्यांनी ती उभं आयुष्य चालवली आणि दर रविवारी स्वतःच्या हातानं उघडून पुन्हा जोडली. मुलगा तेव्हा टॉर्च धरायचा. त्याचं अख्खं बालपण "इकडे नाही रे, इकडे धर" हे ऐकण्यात गेलं. पाना त्याच्या हाती कधी आलाच नाही. मग सासऱ्यांना मोठं आजारपण आलं, त्यातून हाताला कंप राहिला, गाडी मुलाकडे आली आणि मुलाकडे येऊन वर्षही झालं नाही तोच चढावर खडखड करून जागच्या जागी आखडली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं किक मारून पाहिली आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तशा आवाजात सांगितलं, "ह्याच्यात आता जीव नाही. दुसरं इंजिन बसवा, नाहीतर विकून टाका."

विकणार कोण? आणि मेकॅनिककडे देणार कोण? नवरा विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचा. दिवसभर मोडलेल्या गाड्यांचे फोटो बघून बघून आपल्याला मोटारसायकल आतून माहीत आहे असा त्याचा समज झाला होता. "इंजिन मी बसवणार," तो म्हणाला. "आणि बाबांना मागे बसवून एक चक्कर मारून आणणार. एकदा तरी म्हणू देत की जमलं तुला." हे तो हसत हसत म्हणाला, पण ती बायको होती, त्यातलं हसू किती आणि बाकीचं किती, हे तिला बरोबर कळलं.

तर काम सुरू झालं. संध्याकाळी ऑफिसातून आला की तो चहाचा कप घेऊन थेट मागच्या खोलीत. टॉर्च आता सासऱ्यांच्या हातात. हात कापायचा, त्यामुळे उजेडही थरथरायचा आणि सगळ्या इंजिनाला हुडहुडी भरल्यासारखं दिसायचं. "इकडे नाही, बाबा, इकडे," नवरा म्हणायचा, आणि सासरे चक्क "बरं बरं" म्हणून टॉर्च हलवायचे. ज्या दोन माणसांचं इतकी वर्षं "जेवलास का" आणि "वीजबिल भरलं का" यापलीकडे बोलणं नव्हतं, ती आता नटाच्या आट्यांवरून तासन् तास वाद घालत होती. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ह्यांना एवढं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. माझ्याशी बोलायला मी काय डोक्यावर सायलेन्सर लावून फिरू?"

तिलाही हे सगळं दिसत होतं. पण तिच्या डोळ्यांना त्या दिवसांत जास्त काय दिसायचं, तर नट, वॉशर, स्प्रिंगा, खिळ्याच्या डोक्याएवढे स्क्रू. ठकी नुकतीच रांगायला लागली होती. घरातली सगळ्यात खालची उंची तिची, त्यामुळे खाली पडलेलं सगळं आपल्याच मालकीचं असा तिचा बाणा. आणि मालकीची वस्तू ठेवायची जागा तिला एकच माहीत होती. बाळंतपणात हाताशी फोन आणि पदरी पदवी असल्यामुळे मुलं काय काय गिळू शकतात यावर आई म्हणून तिचा अभ्यास दांडगा झाला होता. तिनं खोलीचे कायदे केले. दार कायम बंद. प्रत्येक भाग झाकणाच्या बरणीत. काम संपलं की ती दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन फरशीवरून कुत्र्याला फिरवल्यासारखी फिरायची. त्यात नट सापडला नाही, पण सासूबाईंच्या कधीकाळी हरवलेल्या केसाच्या पिना निघाल्या, आणि हे प्रकरण निदान एका माणसाला तरी उपयोगी वाटू लागलं.

शेजाऱ्यांचं मन मोठं. बातमी फुटल्यावर कुणीही सल्ला हातचा राखला नाही. वरच्या मजल्यावरचे काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना टाकीवाले काका म्हणत. जगातला प्रत्येक प्रश्न शेवटी दाबाचा असतो अशी त्यांची श्रद्धा होती. ते इंजिनाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बसवा. पण पिस्टनच्या रिंगा बदलल्याशिवाय बसवू नका. दाब टिकणार नाही."

"पण काका, चालू होतं हो हे. मी ऐकून आणलंय."

"आमची पाइपलाइनसुद्धा चालूच असायची," काका गूढपणे म्हणाले, "फुटेपर्यंत."

समोरच्या काकूंनी तर त्यांच्या भाच्याचा दाखलाच दिला. त्यानं म्हणे इंजिन बदललं आणि तेव्हापासून दिवा लावला की गाडी बंद आणि गाडी चालू केली की दिवा बंद. "शेवटी तो फक्त दिवसाच कुठेकुठे जायचा," काकू म्हणाल्या. "लग्नसुद्धा त्यानं सकाळचं केलं."

मधल्या मधे सरकारी परवानगीचं निघालं. इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि तो सरकारदरबारी सांगावा लागतो. नवऱ्यानं सगळे कागद नेले. खिडकीतल्या साहेबांनी ते बाजूला सारले.

"जुनं इंजिन कुठेय?"

"त्याचा फोटो आणलाय ना."

"फोटोतलं इंजिन चालतं का?"

"खरंही चालत नाही, साहेब. म्हणून तर बदलतोय."

"मग खरं आणा. नंबर बघावा लागतो."

आता इंजिन काही पिशवीत मावत नाही. रिक्षावाल्यानं नुसतं दाखवल्याबरोबर काढता पाय घेतला. शेवटी सासऱ्यांची नजर ठकीच्या बाबागाडीवर गेली. ती "नाही" म्हणाली. मग "अजिबात नाही" म्हणाली. आणि मग, बाबागाडीची घडी आणि ब्रेक फक्त तिलाच जमत असल्यामुळे, तीच ते इंजिन ढकलत कचेरीत निघाली. तेल दिसू नये म्हणून वर ठकीचं सशांचं पांघरूण घातलं होतं. रांगेत लोकांनी बाळ बघून वाट करून दिली. नको नको म्हणून तिचा जीव अर्धा झाला, पण नवरा हळूच म्हणाला, "गप्प बस, पुढे सरक." तेवढ्यात मागच्या बाई कौतुकानं वाकल्या. "किती शांत आहे हो! आमचं तर एक मिनिट झोपेल तर शपथ," असं म्हणत त्यांनी पांघरूण उचललं. त्यांच्या तोंडून जो "अगं बाई" निघाला, तो सगळ्या कचेरीनं ऐकला. तिच्याकडे बघणाऱ्या त्या नजरांत संताप नव्हता, दया होती, आणि ती तिला जास्त लागली.

साहेबांनी नंबर पाहिला, टिपून घेतला आणि मान वर न करता विचारलं, "आणि नवं?"

दुसऱ्या दिवशी बाबागाडी फाटकात शिरली तेव्हा रखवालदारानंच दार उघडलं. "या ताई," तो म्हणाला. "आज कोणतं आणलंत? थोरलं की धाकटं?"

परवानगी मिळाली. त्या दिवशी घरात पेढे... म्हणजे पेढे काही वाटले नाहीत, पण वाटण्यासारखा आनंद होता. नवरा हवेत होता. आणि हवेत असल्यामुळेच त्यानं टाकीवाल्या काकांचं ऐकायचं ठरवलं. एवढं सगळं केलंय, तर रिंगाही बदलून टाकू.

रिंगा बदलायच्या म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं काढायचं, खालचा सिलिंडर काढायचा, पिस्टन सोडवायचा. पिस्टन एका पिनेवर असतो आणि ती पीन निसटू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना एकेक लॉक असतं. लॉक म्हणजे काय, तर वळवलेली तार, नखाएवढी. बसवताना हात चुकला तर ती टिणकन उडते. आणि खाली इंजिनाचं तोंड आ वासून असतं. त्यात गेली तर सगळं इंजिन मधोमध फोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून त्या तोंडात आधी एक फडकं कोंबून ठेवायचं, हे सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि नवऱ्यानं कोंबलंही.

यात कुणाचीच चूक नव्हती, हे ती पुढे स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगायची. सासूबाईंचा स्वभाव असा, की घरात मळकं फडकं आहे आणि ते तसंच मळकं राहणार आहे, हा विचार त्यांना बसू देत नाही. शनिवारी त्यांनी खोलीत डोकावून ते फडकं पाहिलं, ओढून काढलं, गरम पाण्यात भिजवलं, बडवलं आणि वाळत घातलं. रविवारी सकाळी त्याला इस्त्री करून, चौकोनी घडी घालून त्या खोलीकडे निघाल्या. "हे घ्या तुमचं," म्हणत त्यांनी दार उघडलं.

नेमका त्याच क्षणी नवरा जिभेचं टोक बाहेर काढून, श्वास रोखून शेवटचं लॉक बसवत होता. सासरे टॉर्च धरून होते. त्यांचा उजेड पिस्टनवर होता. खालच्या तोंडात अंधार होता आणि फडकं आहेच, अशी दोघांचीही खात्री होती. दार वाजलं. नवरा दचकला.

टिंग.

आवाज अगदी बारीक झाला. पण एखाद्या घरात मोठं कपाट पडावं तशी सगळी जागच्या जागी थिजली. आधी सगळ्यांनी सासूबाईंच्या हातातल्या घडीकडे पाहिलं. मग इंजिनाच्या उघड्या तोंडाकडे. आणि मग उघड्या दारातून आत येऊन चादरीवर ऐसपैस बसलेल्या ठकीकडे. ठकीचं तोंड बंद होतं आणि ती काहीतरी चघळत होती.

ठकीला शोधत दाराशी आलेल्या तिनं झेप घातली. बोट घालून पाहिलं. तोंडात बिस्किटाचा लगदा होता आणि बाकी काही नव्हतं. पण आधी असलं तर? चुंबक फिरवलं, चादर झटकली, बरण्या उलट्या केल्या, सासऱ्यांच्या सदऱ्याचे खिसे पाहिले. लॉक नव्हतं. ते दोनच ठिकाणी असू शकत होतं. दोन्ही ठिकाणांना तोंड होतं आणि दोन्ही ठिकाणं काही सांगायला तयार नव्हती.

नवऱ्यानं ठकीला उचललं आणि तो पळाला. चप्पलसुद्धा घातली नाही. त्या सगळ्या रस्त्यावरून, काळ्या हातांनी, अनवाणी. मागून ती, तिच्यामागून सासरे कोपऱ्यावर रिक्षा थांबवत. दवाखान्यात ठकीनं एक्स-रेच्या थंड फळीवर झोपायला जो नकार दिला, तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. "काही नाही. पोट स्वच्छ आहे. थोडा गॅस दिसतोय."

ती खुर्चीवर बसली आणि ठकीच्या केसांत तोंड खुपसून रडायला लागली. आणि रडता रडताच तिनं वर पाहिलं, तर नवऱ्याचा चेहरा उतरला होता.

"नक्की ना, डॉक्टर?" तो म्हणाला. "नीट बघा ना. आतड्याच्या मागे वगैरे कुठे...?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला ते असायला हवं आहे का?"

"नाही, नाही! म्हणजे... नाही म्हणजे मग ते इंजिनात आहे."

एरवी ही गोष्ट तिनं स्वतःच चारचौघांत रंगवून सांगितली असती. पण त्या दिवशी बाहेरच्या बाकाशी पोचल्यावर ती बोलून गेली. आवाज चढवूनही नाही, अगदी हळू. "तुला ते तिच्या पोटात हवं होतं."

त्यानं आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं, जसं काही ते आत्ताच सापडले होते. तिला बोलतानाच माहीत होतं की हे खरं नाही. दोन ओझ्यांतलं एक डोक्यावरून उतरल्यावर माणसाला दुसरं जाणवतं, एवढंच झालं होतं. पण वाक्य बाहेर पडलं होतं आणि ते परत गिळण्याची सोय नव्हती. शिवाय बाकावर सासरे बसले होते, आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

"तिचं बरोबर आहे," सासरे म्हणाले. "लहान मूल आहे घरात. हे बंद करायचं. सर्व्हिस सेंटरला देऊन टाकू."

"बाबा, मी ते फोडून काढतो. एक रविवार—"

"नको रे. पुरे झालं."

ती तेव्हाच म्हणू शकली असती, की अहो बाबा, नाही, करू देत त्याला. तिनं ठकीचं टोपडं नीट केलं. एवढंच तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं बरण्याही मागितल्या. सर्व्हिस सेंटर काचेचं होतं; तिथे गार हवा होती, गुळगुळीत मासिकं होती आणि टायवाला एक मुलगा प्रत्येक वाक्याला "नो टेन्शन, सर" म्हणायचा. त्यांनी इंजिन फोडलं, जोडलं, बसवलं, गाडीला पॉलिशही करून दिलं. ते लॉक आत मिळालं का, हे तिथे कुणी सांगितलं नाही आणि घरातून कुणी विचारलंही नाही.

गाडी आली. सगळी बिल्डिंग बघायला खाली. टाकीवाले काका म्हणाले, "दाब बघा काय आहे!" समोरच्या काकूंनी दिवा लावून, बंद करून पाहिला आणि त्यांची थोडी निराशा झाली. नवऱ्यानं ठरल्याप्रमाणे वडिलांना मागे बसवून चक्कर मारून आणली. परत आल्यावर सासरे उतरले, सीटवरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाले, "छान केलंय हं काम. मानलं पाहिजे त्या लोकांना."

नवरा म्हणाला, "हो ना. मस्तच केलंय."

नंतर तिनं माफी मागितली. मागितलीच, अनेकदा. "अगं, कधीच विसरलो मी ते," तो म्हणायचा आणि खरंच विसरल्यासारखा वागायचा. भांडला असता तर बरं झालं असतं. मागची खोली धुऊन निघाली. चादर गेली, ठकीची खेळणी आली. संध्याकाळी तो ऑफिसातून आला की चहाचा कप घेऊन फोन बघत बसतो. सासरे त्यांच्या खोलीत बातम्या लावतात. जेवताना "वीजबिल भरलं का" होतं. ती कधी पंख्याचा रेग्युलेटर कुरकुरतोय म्हणून सांगते. नवरा म्हणतो, "इलेक्ट्रिशियनला फोन करतो." तिनं एकदा मिक्सरचं झाकण मुद्दाम अडकवून ठेवलं, तर सासूबाईंनीच एक गुद्दा घालून ते सोडवलं आणि वर म्हणाल्या, "हल्लीच्या मुलींना जोरच नाही."

रोज सकाळी ठकीला कडेवर घेऊन ती गाडीपाशी जाते आणि वाकून फरशी बघते. एखादा तरी तेलाचा थेंब दिसावा. फरशी कोरडी असते.

गेल्या रविवारी मात्र तिनं हिय्या केला. नवरा गाडी गरम करत होता, तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "अहो बाबा, जरा बाहेर येता का? गाडीतून कसला तरी आवाज येतोय बघा."

"कसला?" सासरे चपला घालत बाहेर आले.

"असा... कटकट. मधेच येतो."

नवऱ्यानं गाडी चालूच ठेवली. दोघं वाकले. एकानं इंजिनाच्या या बाजूनं कान लावला, दुसऱ्यानं त्या बाजूनं. त्यांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागली. सासऱ्यांनी मूठ थोडी पिळायची खूण केली, नवऱ्यानं पिळली. पुन्हा खूण केली, पुन्हा पिळली. तिच्या कडेवरच्या ठकीनंसुद्धा श्वास रोखला होता. ती दारात उभी राहून त्या इंजिनाला मनोमन विनवत होती, की बाबा रे, एकदाच, काहीतरी कर.

इंजिन घड्याळासारखं चालू होतं.

"छे," सासरे ताठ होत म्हणाले. "कुठलाच आवाज नाही. एकदम चोख आहे."

"मलाही नाही आला," नवरा म्हणाला.

"तुला भास झाला असेल गं," सासरे तिला समजावत म्हणाले. "काळजी करू नकोस. आता काही बिघडत नाही ह्यात." आणि ते हात पुसत आत गेले. पुसण्यासारखं हाताला काही लागलेलं नव्हतं.